चंदरसाठी मास्तर

अंजनाला पोरपणी बदलापूर गावात 'चौकशी' म्हणायचे. विहिरीत मोटार उतरवायला आलेल्या माणसाला तिनं इतकं खोदून विचारलं, की त्यानं पाना तिच्या हातात दिला आणि बिडी ओढायला निघून गेला. आता ती अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कामगारांच्या ट्रेनिंगचा विभाग बघते. विभाग म्हणजे ती आणि चंदर.

चंदर गेटवर उभा राहून नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायचा. धडे कसले, खरडपट्टीच ती. आवाज असा, की शेडमधल्या मशिनी चालू असल्या तरी शब्दन् शब्द ऐकू यावा. कामगार हसत आणि ऐकलेलं ध्यानात ठेवत.

कंपनीला मग मोबाईलवरच्या धड्यांचं खूळ लागलं. तसले धडे बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते शिकवणारा कुणी घ्यायचा मात्र राहून गेला. राजेंद्र सर मॅनेजर. त्यांनी अंजनाला सांगितलं, "दिवाळीच्या आत पहिला धडा पाहिजे. नाही जमला तर बाहेरच्या एजन्सीला देतो, आणि चंदर जाईल परत गोदामात."

चंदर बोलला, "ताई, मला माऊस धरता येतो. पण पुढचं काय, ते त्या माऊसलाच माहीत."

अंजनानं नेटवर शोधलं. शिकवणारे भेटले, पण सगळे इंग्रजीतून, आणि पाठीमागं पोलीस लागल्यासारखे पळणारे. चंदरनं एक व्हिडिओ बघितला आणि चहा प्यायला गेला तो परत आलाच नाही. मग तिला कुणीतरी उल्हासनगर कॅम्प दोनमधला मुकेशचा क्लास सांगितला. पाटीवर लिहिलेलं: 'सब कुछ सिखाया जाता है.'

ही पाटी ऐकून तिची सासू पुतळाबाई खुदकन हसली. "बाजारान जाशील त आधी नसलेली चीज माग. हाय म्हनला त समज लबार हाय."

सोफ्याच्या दुकानावरच्या माळ्यावर क्लास. मुकेश उठून उभा राहिला, "आओ मॅडम, बसा, पंखा इकडे येतो."

अंजनानं विचारलं, "जांभूळ स्टुडिओ शिकवता?"

"जांभूळ? हां हां! उसका तो बॅच चालू है."

"शेठ, जांभळं आमच्या बदलापूरला होतात. स्टुडिओ कुठं नाय."

मुकेश पोट धरून हसला. "मॅडम, ह्या बाजारात गिऱ्हाइकाला नाय बोललो तर बाप वरून चप्पल मारेल. सच बोलू? तुमचं ते सॉफ्टवेअर मी उघडूनपण नाय बघितलं. मी लग्नाचे व्हिडिओ कापतो. आवाज, चित्र, सब कापतो. तुमचा आदमी आणा, दोघं मिळून शिकू."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं कुणीही म्हणालं असतं. अंजनाला मात्र वेगळाच किडा चावला. ज्याला येत नाही, तो शिकवतो तरी कसा? बघूया तर खरं.

सुट्टीच्या दिवशी ती चंदरला घेऊन गेली आणि कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. मुकेश एक बटण दाबी, काही भलतंच होई, दोघं मिळून शिव्या घालत. मुकेश विचारी, "आता कामगार काय करेल?" चंदर सांगे. मुकेश म्हणे, "और गलत किया तो?" तेव्हा चंदरची कळी खुले. मास्तरालाच येत नाही म्हटल्यावर शिकणाऱ्याची लाज गेली. व्हिडिओपुढं पळणारा चंदर इथं जेवायला उठेना.

धडा तयार झाला. ड्रममधून थिनर ओतायच्या आधी काय कराल? तीन उत्तरं. बरोबर उत्तर, अर्थिंगची तार लावा. ते दाबलं की पान पुढं. चुकीचं दाबलं की चंदरचा आवाज.

धडा पहिल्या शिफ्टला दिला. दुसऱ्या दिवशी राजेंद्र सरांनी अंजनाला केबिनमध्ये बोलावलं. "हा रिपोर्ट बघा. आख्खी शिफ्ट पहिल्या उत्तरात नापास. एकालाही तार माहीत नाही? मी एजन्सीला फोन लावतो."

"लावा सर. पण मला जरा खाली जाऊन येऊ द्या. सगळेच्या सगळे चुकले कसे, ते मला बघायचंय."

खाली जनू ड्रमला तार लावतच होता. जुना माणूस.

"जनूदादा, तार लावतोस, मग मोबाईलवर चुकीचं कशाला दाबलंस?"

जनू लाजला. "बरोबर दाबला त गुपचूप पुढं जातंय. चुकीचा दाबला त चंदर बोलतो. मी दोनी चुकीचे दाबले. मंग बरोबर."

अंजना वर आली आणि काही न सांगता मोबाईल राजेंद्र सरांपुढं ठेवला. "तुम्ही दाबा."

सरांनी बरोबर उत्तर दाबलं. पान पुढं गेलं. केबिन गप्प.

"आता मागं जा. दुसरं."

सरांनी 'आधी झाकण उघडा' दाबलं. चंदर कडाडला, "झाकण उघडलंस? आणि तार काय तुझा सासरा लावणार? थिनर ओतताना ठिणगी पडते, ती तुला विचारून पडत नाय! जा मागं!"

सर दचकले. दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग त्यांचं बोट आपसूक तिसऱ्या उत्तरावर गेलं, 'आधी मोबाईल बघा'. "मोबाईल बघतोस? बघ बघ. उद्या तुझाच फोटो लोक मोबाईलवर बघतील, हार घातलेला! जा मागं!"

सरांनी फोन खाली ठेवला. "एजन्सी राहू द्या. पण रिपोर्ट वर जातो, तिथं मी काय सांगू? बरोबर उत्तरालासुद्धा ह्याला बोलायला लावा, म्हणजे लोक सरळ तेच दाबतील."

अंजनानं चंदरला सांगितलं. गोदाम टळलं म्हणून तो खूश झाला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं.

"ताई, बरोबर आल्यावर काय बोलायचं असतं? मी जन्मात कुणाला शाबासकी दिली नाय."

रविवारी तिघं परत माळ्यावर बसली. मुकेशनं माइक पुढं सरकवला. चंदरनं घसा खाकरला, 'शाबास' म्हणून बघितलं, त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं. मुकेश म्हणाला, "वाह वाह बोलो." तेही जमेना. अंजना स्टुलावरून पुढं वाकली. हा आता काय काढतो, याचीच तिला उत्सुकता.

शेवटी चंदर माइकवर ओरडला, "लावलीस तार? मग उभा काय राहिलायस, ओत की!"

मुकेशनं तेच ठेवलं.