रेषेबाहेरून मराठीत

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातले दोष शोधायचे आणि सभ्य शब्दांत लिहून द्यायचे, याचा मला पेनरोजमधली एक कंपनी पगार देते. दोष शोधणं मला उपजतच येतं. सभ्य शब्द मात्र ऑफिसातच संपतात, घरी येईपर्यंत एकही शिल्लक राहत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. नवऱ्याशी सहमत व्हायची मला सवय नाही, पण हे खरं आहे.

गेल्या वर्षी लेक घर सोडून मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहायला गेली. आमच्या न्यू लिनच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं सगळे म्हणाले. चोवीस वर्षांची नोकरी करणारी मुलगी वीस मिनिटांवर गेली की ती भेटतच नाही, हे या सगळ्यांना ठाऊक नसावं. फोन केला की, "ऑल गुड, आई," एवढंच. मग एकदा तिने सांगितलं, की ती हर्लिंग खेळायला लागली आहे, दर शनिवारी मॅच असते, यायचं असेल तर या. मी तो शनिवार घट्ट धरून बसले. शनिवारी गटारं साफ करायला जाते म्हणाली असती, तरी मी डबा घेऊन कडेला उभी राहिले असते. मला तेवढंच तिचं तोंड दिसत होतं, आणि तेही हेल्मेटच्या जाळीतून.

हर्लिंग हा आयरिश लोकांचा खेळ. बायका खेळतात तेव्हा त्याला कॅमोगी म्हणतात, पण लेकीची टीम हर्लिंगच म्हणते, म्हणून मीही. पसरट टोकाचा लाकडी दांडू, मुठीत मावेल एवढा कडक चेंडू. चेंडू दांडूवर तोलत धावायचं, म्हणजे आमच्या शाळेतलं लिंबू-चमचाच, फक्त इथे शेजारची मुलगी दांडू परजत तुमच्या मागे लागलेली असते. गोलच्या आडव्या दांडीवरून चेंडू मारला तर एक पॉइंट, खालून जाळीत घातला तर तीन. माझी मुलगी गोलकीपर होती. म्हणजे तो कडक चेंडू जिच्या अंगावर येतो, ती.

पहिल्या मॅचला मी गप्प होते. दुसऱ्या मॅचला मला नियम कळले. तिसऱ्या मॅचपासून मी तज्ज्ञ झाले.

इथे आमची एक जुनी खोड सांगायला हवी. वीस वर्षं या देशात राहून मी आणि नवरा असं धरून चाललो होतो, की मराठीत बोललेलं कोणाला ऐकूच जात नाही. सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईच्या ट्रॉलीवर, बँकेतल्या माणसाच्या टायवर, शेजाऱ्याच्या कुंपणाच्या रंगावर आम्ही त्यांच्या देखत मनसोक्त मतं देत आलो. चेहरा हसरा ठेवायचा, की झालं. मैदानाच्या रेषेबाहेर उभी राहून मी तेच केलं. फक्त तिथे वारा असतो, म्हणून जरा मोठ्याने.

टीममध्ये आयरिश नर्स होत्या, दोन शाळाशिक्षिका, एक सामोअन मुलगी, एक सुतारकाम करणारी. मी त्यांना माझी नावं दिली होती. पुढे खेळायची ती उंच नर्स लांबुडकी. "ए लांबुडके, अंगठी हरवलीय का गवतात? वर बघ की!" बचावातली थोराड शिक्षिका म्हणजे उघडा दरवाजा. "या, या! आमच्याकडे दरवाजा उघडाच असतो!" सुतारकामवालीला, "अगं, मार की तो चेंडू! धुणं काय बडवतेस!"

पण माझा खरा राग मॅनेजरवर. हा पन्नाशीचा आयरिश प्लंबर, हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून रेषेवर उभा असायचा. टीम हरो, जिंको, पाऊस पडो, हा तसाच. मी त्याला गोगलगाय म्हणायचे. "ओ गोगलगाय! त्या बदली पोरी काय मुरत घातल्यायत? उतरवा की मैदानात! झोप लागली का उभ्या उभ्या?" तो माझ्याकडे बघून हात हलवायचा. मीही हसून हलवायचे.

लेकीला मात्र मी एका शब्दाने बोलले नाही. हे मी कडक पथ्य पाळलं होतं. तिच्या पायांतून चेंडू गेला तरी मी दरवाजाला फाडून खायचे, तिला नाही. एवढा संयम मी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या बाबतीत दाखवलेला नाही. नवऱ्याला हे मी अभिमानाने सांगायचे. तो सकाळचा पेपर मैदानावर आणायचा आणि त्याच्या आडून, "हं," म्हणायचा.

मॅच संपली की मी डबा उघडायचे आणि भाषा बदलायचे. "वेल प्लेड, गर्ल्स! हीप्स ऑफ एफर्ट!" नारळाच्या वड्या पाच मिनिटांत फस्त व्हायच्या. सगळ्या मला आंटी म्हणायच्या. लांबुडकी तर गळ्यातच पडायची.

सेमीफायनल आम्ही एका पॉइंटने जिंकलो. गोगलगाय वडी घ्यायला आला आणि डब्यापाशी घुटमळला.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही दर शनिवारी माझ्याबद्दल जे ओरडता ना, त्याबद्दल थँक यू."

माझ्या हातातलं झाकण पडलं.

"तुमच्या मुलीला मी विचारतो, आई काय म्हणाली. ती सांगते, की मॅनेजर किती शांत आहे, तो शांत आहे म्हणून टीम उभी आहे, असं म्हणाली." त्याने एक वडी उचलली. "माझ्याबद्दल असं कोणी बोलत नाही. क्लबच्या पानावर लोक जे लिहितात ते मी वाचायचंच सोडून दिलंय. दिवसभर लोकांचे तुंबलेले पाइप उपसायचे, घरी येऊन यांच्या जर्सी धुवायच्या, आणि वर ते वाचायचं. घरात माझ्या बायकोने ते वाक्य फ्रिजवर लिहून लावलंय. शांत माणूस."

तेवढ्यात दरवाजाही आली. म्हणाली, "आणि मला ती सांगते, की तुम्ही म्हणता, माझ्या बाजूने कोणी आत येऊच शकत नाही!" मी वडीचा तुकडा तोंडात कोंबला, कारण तोंड भरलेलं असणं त्या वेळी बरं होतं.

लेकीला फ्लॅटवर सोडायचं होतं. गाडीत बसल्या बसल्या मला हसू फुटलं. "अगं, गोगलगायला तू शांत माणूस केलंस? काय डोकं आहे पोरीचं!" नवरासुद्धा हसला.

"व्हॉट वॉज आय सपोज्ड टू से, आई?" मागच्या सीटवरून ती म्हणाली. "ते मला प्रत्येक वेळी विचारतात. मी गोलमध्ये उभी असते, समोरून बॉल येतोय, आणि मी विचार करतेय, की हे आता छान कसं करून सांगू." हे सगळं ती इंग्रजीत बोलत होती, मी मनातल्या मनात मराठी करून घेत होते.

"पण तुला कुठे काय बोलले मी? एक शब्द तरी?"

"आई, तुझं बोलणं त्या फील्डवर कळतं कोणाला? ओन्ली मी. तू सगळ्यांना ओरडतेस आणि ते सगळं फक्त मला ऐकू येतं."

मी मांडीवरच्या रिकाम्या डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

फ्लॅटपाशी उतरताना तिने शांतपणे सांगितलं, "फायनलला नका येऊ. प्लीज. नेक्स्ट सीझनचं नंतर बघू." दार हळूच लावलं तिने. आपटलं असतं तर मी तरी चार शब्द बोलले असते.

नेक्स्ट सीझनचं नंतर बघू म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं. ऑफिसात एखादी गोष्ट कधीच करायची नसते तेव्हा आम्हीही असंच लिहितो. माझे शनिवार गेले होते आणि ते मी स्वतःच्या तोंडाने घालवले होते. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, फायनल पोरिरुआला आहे, आपण जायचं. तो म्हणाला, तिने नको म्हटलंय. मी म्हटलं, मैदानावर नको म्हटलंय, कार पार्कबद्दल काही बोलली नाही.

आदल्या दिवशी आठ तास गाडी चालवून आम्ही पोरिरुआला पोचलो, आणि फायनलच्या वेळी कार पार्कच्या कोपऱ्यात काचा लावून बसलो. समोर अर्धं मैदान दिसत होतं, नेमकं लेकीचा गोल असलेलं. वाऱ्याने गाडी हलत होती. मी बंद काचांआड ओरडत होते आणि ते सगळं नवऱ्याच्या डाव्या कानात जात होतं. मध्यंतराच्या आधी तो गाडीतून उतरला आणि थंडीत बाहेर उभा राहिला.

मध्यंतरात काचेवर टकटक झाली. गोगलगाय! व्हॅनमधून पाण्याच्या बाटल्या न्यायला आला होता. त्याने आमची गाडी ओळखली होती.

"तुम्ही इथे काय करताय? मुली विचारतायत, आंटी कुठेय. पाच पॉइंटने मागे आहोत." त्याच्या हातातल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. हा माणूस जन्मात कधी शांत नव्हता. हात थरथरतात म्हणून तो ते मागे बांधून उभा राहत होता. तीन महिने मी त्याला समोरून बघत होते, मागून बघायचं सुचलं नाही. आणि टेस्टर म्हणून पगार घेते मी.

"मुलीने नको सांगितलंय यायला," मी खरं ते सांगून टाकलं.

"का?"

"मी जे ओरडते ते चांगलं नसतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मग आज चांगलं ओरडा," आणि चार बाटल्या माझ्या हातात दिल्या.

मी रेषेवर जाऊन उभी राहिले. लेकीने मला पाहिलं. जाळीमुळे चेहरा कळला नाही. तिने मान वळवली.

दुसरा हाफ सुरू झाला. लांबुडकीने एक सुरेख पॉइंट मारला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला येतच नाही. मराठीत चांगलं ओरडायचं कसं? "वेल डन" येतं, "गुड जॉब" येतं, ते मी लेकीला ती शाळेत होती तेव्हापासून म्हणत आले, शाळेनेच सांगितलं होतं मुलांचं कौतुक करा म्हणून. रागवायचं मात्र मराठीत. अभ्यास, पसारा, केस, कपडे, चप्पल, सगळं मराठीत. या मुलीने आयुष्यभर आईची भाषा म्हणून जे ऐकलं ते हे. मला इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

दरवाजाने एकीला अडवलं. मी कसंबसं म्हटलं, "छान!" आवाज फाटला. सुतारकामवालीने जाळीत चेंडू घातला. "वा! काय मारलंस!" हे जरा बरं जमलं. मॅनेजरकडे बघून मी ओरडले, "धीर धरा हो! चांगलं चाललंय!" त्याने हात हलवला. हाताचं थरथरणं आता मला दिसत होतं.

आणखी दोन पॉइंट जमले, एका पॉइंटने आम्ही पुढे होतो आणि शेवटचं मिनिट होतं. त्यांची एक दांडगी मुलगी चेंडू दांडूवर तोलत सरळ गोलवर आली. लेक पुढे धावली. दरवाजा कुठे होती ते मी बघितलंसुद्धा नाही. त्या मुलीने चेंडू हाणला, लेकीने अख्खं अंग बाजूला झोकून दिलं, दांडूचं टोक चेंडूला लागलं, आणि चेंडू तरीही जाळीत गेला. शिट्टी वाजली. फायनल गेली.

लेक चिखलात पालथी पडली होती. आमच्या मुली जागच्या जागी उभ्या होत्या, आणि माझ्या घशातून न विचारता आवाज निघाला.

"शाब्बास गं माझ्या राणी! काय झेपावलीस! डोळ्यांचं पारणं फिटलं माझ्या!"

समोरच्या टीमच्या लोकांनीही वळून बघितलं. नवरा पेपर विसरून पुढे आला होता. लेक हळूहळू उठून बसली. तिने हेल्मेट काढलं. गालाला चिखल, नाक लाल, आणि ती माझ्याकडे एकटक बघत होती, जसं काही मी पहिल्यांदाच काहीतरी बोलले होते.

दरवाजा तिच्या शेजारी गुडघ्यावर बसली. रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "काय म्हणाली गं आंटी?"

लेकीने बाहीने नाक पुसलं.

"नथिंग," ती म्हणाली. "दॅट वन वॉज फॉर मी."