दोन्ही बाजूंची संमती

वकिली मराठीवर माझा जुना राग आहे. 'सबब', 'उपरोक्त', 'विवाहविच्छेद' असलं काही वाचलं की पक्षकार कागद सोडून वकिलाच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि आमच्यातल्या पुष्कळांना तेच हवं असतं. म्हणून एका संस्थेनं लग्न, घटस्फोट आणि पोटगीबद्दल गावोगावी वाटायला साध्या भाषेतलं पत्रक मागितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शिरूरच्या कोर्टातून घरी आलं की रोज तासभर बसायचे आणि एकेक जड शब्द तणासारखा उपटून टाकायचे.

'परस्पर संमतीने घटस्फोट' इथं गाडी अडली. आमच्याकडच्या बायका 'घटस्फोट' तोंडानं उच्चारत नाहीत, सोडचिठ्ठी म्हणतात. आणि परस्परचा अर्थ तर उलटाच. भावानं परस्पर जमीन विकली म्हणजे कुणाला न विचारता विकली. मग मी लिहिलं, 'दोन्ही बाजूंची संमती असेल तर सोडचिठ्ठी लवकर मिळते.' त्यात 'कोर्टातून' हा शब्दही होता, पण वाक्य लांबतंय म्हणून काढला. कायद्याचं पत्रक आहे, कोर्ट येणारच, असं वाटलं. त्या वाक्यावर मी फार खूश होते.

काही महिन्यांनी दौंडला तारीख होती. कोर्टाबाहेर चहा घेत होते तेव्हा भांडगावचे एक आबा मला शोधत आले. मागे तिशीच्या आतली त्यांची मुलगी. त्यांच्या पिशवीत माझं पत्रक होतं आणि सोडचिठ्ठी लिहिलेला एक स्टॅम्प पेपर. मुलीचं दुसरं लग्न मांडवगण फराट्याच्या एका विधुराशी ठरलं होतं. लग्न नोंदवायच्या चौकशीला गेले, तर तिथं हा कागद चालेना.

"मॅडम, ह्ये तुम्हीच लिवलंय ना?" आबांनी पत्रक पुढं केलं. "तुमच्या कागदापरमानंच केलं समदं. दोन्ही बाजू बसलो. त्यांच्याकडनं सासरा आन् चुलता, आमच्याकडनं मी आन् मेव्हणा. समद्यांची संमती. नोटरीचा शिक्का बी हाय. मंग कमी काय पडलं?"

आम्हा वकिलांना दोन्ही बाजू म्हणजे खटल्यातली दोन माणसं, नवरा आणि बायको. गावात दोन्ही बाजू म्हणजे मुलाकडचे आणि मुलीकडचे. सुपारी फोडायला बसतात तेच सोडचिठ्ठीला बसले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला आबांचा राग आला नाही. माझ्या त्या गोड सोप्या वाक्याचा आला, आणि लाज वाटली.

"तुला कुणी विचारलं होतं का?" मी मुलीला म्हटलं.

"सही कर म्हणले, केली," ती वडिलांकडे न बघता म्हणाली. "तवा मला नांदायचं व्हतं. आता न्हाई. ह्या लग्नाला मात्र मीच व्हय म्हणलेय."

मग तिथं उभ्यानंच तिला सांगावं लागलं, की स्टॅम्प पेपरनं लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीनं काडीमोड चालतो, पण ती रूढी कोर्टात शाबीत करावी लागते, आणि यांच्याकडे तसं दाखवायला काही नव्हतं. म्हणजे ती अजून पहिल्याचीच बायको होती आणि दुसरं लग्न केलं तर ते कायद्यानं लग्नच ठरलं नसतं. आबा खाली बसले. ती उभीच राहिली.

सोपा रस्ता एकच, दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा. मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. "सोडचिठ्ठी दिली की एकदा," तो म्हणाला. "आता न्हाई मी कोर्टाची पायरी चढत." त्याचं काही अडलेलं नव्हतं. त्याच्या लेखी तो मोकळा होता. इकडे आड तिकडे विहीर, मग तिनं एकटीनंच अर्ज करायचं ठरवलं.

मसुदा मी तिला वाचून दाखवला. 'अर्जदार ही जाबदाराची कायदेशीर पत्नी आहे', हे सुरुवातीचंच वाक्य.

"ह्ये खोडता येत न्हाई का?"

"नाही. हे खरं आहे म्हणूनच सुटायचा अर्ज करता येतो."

तिनं मसुदा माझ्या हातातून घेतला आणि मग सही केली. या वेळी नीट वाचून.

पत्रक मी दुरुस्त केलं. 'नवरा आणि बायको, दोघांनी स्वतः, कोर्टात जाऊन. स्टॅम्प पेपर चालत नाही.' छापण्याआधी तिलाच वाचायला दिलं. "आता समजतंय," ती म्हणाली. आठ दिवसांत नवी पत्रकं छापून झाली. जुनी किती घरांत पोचली आणि तिथं कोण कोण बसलं, हे मला कळायला मार्ग नाही. न्हावरा, चौफुला ओलांडून दौंडला जाताना प्रत्येक वेळी तेच डोक्यात असतं.

मांडवगणच्या माणसानं सहा-सात महिने वाट पाहिली. मग घरच्यांनी त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहिली. हे तिनंच मला सांगितलं, आणि अर्ज मागं घ्यायचा नाही हेही.

मागच्या तारखेलाही नवरा आला नाही. पट्टेवाल्यानं दारात येऊन तिचा पुकारा केला, नवऱ्याच्या नाव-आडनावासकट. ती बाकावरून उठली आणि "हजर" म्हणाली.