दूध बाजारातली तंगडी

सलाउद्दीन मास्टरांनी चाळीस वर्षांत अर्ध्या दूध बाजाराचं बारसं केलं. शिंप्याचा धंदा, गिऱ्हाइकाचं खरं नाव त्यांच्या ध्यानात राहत नसे. शेख सहा, पाटील नऊ, कुणाची पँट कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. म्हणून माप घेताना मास्टर माणसाकडे एकदा तिरक्या मानेनं बघत आणि कापडाला टाचायच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहीत. 'पोट पुढे.' 'डावा खांदा खाली.' एका वकिलांना मुहूर्ताचा सूट तासाभरात हवा होता, त्यांच्या चिठ्ठीवर 'घाईत' लिहिलं. आज कोर्टातला शिपाईसुद्धा त्यांना माघारी घाईत वकील म्हणतो. मास्टरांनी ठेवलेलं नाव धुतलं तरी जात नसे, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

गेल्या वर्षी दुकानासमोरचं बर्फाचं जुनं गोडाऊन पाडलं आणि तिथल्या पत्र्यावर फ्लेक्स लागला. जागा पंधरा फूट रुंद, त्यावर अकरा मजले. समोर निळी काच, गच्चीवर बाग, खाली चित्रातल्या गोऱ्यापान बायका कुत्रं फिरवत होत्या. दूध बाजारात कुत्री माणसांना फिरवतात, हे चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. इमारतीचं नाव होतं 'स्लीक हाइट्स'. मास्टरांनी तोंडातल्या टाचण्या काढून मान तिरकी केली.

"ही विजारीची एक तंगडी आहे," ते म्हणाले. "दुसरी धोब्याकडे राहिलीय."

शेजारचे भांडीवाले केरूभाऊ हसता हसता हंड्यावर कोसळले. संध्याकाळपर्यंत शालिमार चौकातल्या रिक्षावाल्यांकडे बातमी पोचली. तिसऱ्या दिवशी फ्लेक्सचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला, त्यात अकराव्या मजल्याला कुणीतरी नाडा बांधला होता. आठवड्यानं पेपरात मथळा आला, 'तंगडीला नागरिकांचा विरोध'. मास्टरांनी तो कापून आरशाच्या कडेला खोचला.

मग ज्याला तोंड आहे तो बोलू लागला. सराफ म्हणाले, दुकानावर सावली पडली की सोनं फिकं दिसतं. कुणी म्हणालं, नवरा-बायको भांडले तर तोंड फिरवायला जागा नाही, तिथे घटस्फोट होणारच नाहीत. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं विमानं जोडून निवृत्त झालेला गेणू म्हणाला, "अहो, विमानही एवढं अरुंद नसतं, आणि ते निदान उडून तरी जातं." अकरा मजल्यांना पाणी कुठून येणार, गाड्या कुठे लावणार, हे प्रश्नही कुणी कुणी विचारले, पण त्यात मजा नव्हती म्हणून ते मागे पडले.

एवढ्या अरुंद जागेत नियमाप्रमाणे बाजूला मोकळी जागा सुटत नव्हती. बिल्डरनं महापालिकेकडे सवलत मागितली आणि महापालिकेनं लोकांच्या हरकती मागवल्या. घाईत वकिलांनी अर्ज लिहिला. सह्यांसाठी तो मास्टरांच्या कापायच्या टेबलावर ठेवला, कारण गल्लीत सगळ्यात मोठं टेबल तेच. पेनही मास्टरांचंच. पहिली सही त्यांनी झोकात ठोकली. खाली दोनशे चौदा सह्या झाल्या.

त्यानंतर चार दिवसांनी बिल्डर स्वतः दुकानात आला. सोमनाथ विंचूरचा. आधी तो गावोगाव कांदाचाळी बांधायचा, कांदा साठवायला लांबलचक नि अरुंद, आरपार वारा जाणाऱ्या. गल्लीत आधीच बोललं जात होतं की यानं एक चाळ उचलून उभी केलीय, बाकी आर्किटेक्टचं काम काही नाही. तो बाकावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "मास्टर, तुमी त्या गोडाऊनच्या मागच्या अंगाला ऱ्हाता ना, पत्र्याच्या खोलीत?"

"चाळीस वर्षं."

"ती खोली माझ्याच प्लॉटमधी हाय. मालकानं पुढचं-मागचं समदंच इकलंय. तुमी जुनं भाडेकरू, म्हणून तिसऱ्या मजल्यावर तुमाला ब्लॉक लिव्हलाय. फुकट. हॉल, किचन, आतच संडास-बाथरूम. लिफ्ट हाय." त्यानं बशी खाली ठेवली. "पन सवलत मिळाली तर. हरकती लय आल्यात म्हणं. नाय मिळाली तर मी फुडं गोडाऊन बांधीन, तुमची खोली हाय तशी ऱ्हाईल. चांदणं बघत झोपा."

तो गेल्यावर मास्टरांनी एका शर्टाची बाही उलटी जोडली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी त्यांनी बायकोला, खातूनबींना सांगितलं. खातूनबी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांच्या खोलीपासून सार्वजनिक संडास बावीस पावलांवर, मध्ये तीन पायऱ्या, आणि वापरणारी सहा कुटुंबं. दोन्ही गुडघे गेल्यापासून त्या दुपारनंतर पाणी पीत नसत. हे मास्टरांना माहीत होतं, पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यात फरक असतो. खातूनबींनी सगळं ऐकून घेतलं.

"आत बाथरूम?"

"आत."

"आणि लिफ्ट?"

"आहे."

"अजी," खातूनबी म्हणाल्या, "तिला तंगडी कोण म्हणालं होतं?"

मास्टर लसणाच्या साली गोळा करू लागले. त्यांना इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नाव उसवायचा प्रयत्न केला. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावता लावता सहज म्हणायचं, "नीट बघितलं तर मिनारासारखी दिसते, नाही?" गिऱ्हाईक वळून बघायचं आणि म्हणायचं, "हो हो, तंगडीचा मिनार." खरं काय ते सांगून टाकावं तर लोक म्हणणार, फ्लॅट मिळाला म्हणून पलटला. आणि ते अगदी खरं म्हणणार, हीच तर पंचाईत होती.

सुनावणीच्या दिवशी महापालिकेच्या हॉलमध्ये सगळी गल्ली लोटली. सर्कशीला यावं तसे लोक आले होते, केरूभाऊंनी तर शेंगदाणे आणले होते. पुढच्या टेबलावर आर्किटेक्ट उज्वला मॅडमनी थर्माकोलची इमारत मांडली होती. पंख्याच्या वाऱ्यानं ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा टाळ्या झाल्या. महापालिकेच्या साहेबांनी फाइल उघडली.

"हरकत क्रमांक एक. सलाउद्दीन शेख, व्यवसाय शिंपी. बोला."

मास्टर उठले. माइकपर्यंतची दहा पावलं त्यांना खातूनबींच्या बावीस पावलांएवढी झाली.

"साहेब, मी माझी हरकत मागे घेतो."

"का?" साहेबांच्या आधी घाईत वकिलांनीच विचारलं.

"मला तिथे घर मिळतंय."

हॉलमध्ये असा गदारोळ उठला की थर्माकोलची इमारत तिसऱ्यांदा पडली. गेणू म्हणाला, "वा मास्टर, सगळ्यांना चढवलंत आणि स्वतः खाली उतरलात." मास्टर हसले नाहीत.

"गेणूभाऊ, बरोबर आहे तुमचं. कपडा दुसऱ्याच्या अंगावर होता तोवर मी हसलो. आता माझ्याच अंगावर येतोय म्हणून नीट बघितला. फार चांगली गोष्ट केली असं मी म्हणत नाही. पण साहेब, एक सांगतो. माझ्याकडे बारीक माणूस आला तर मी त्याला जाड होऊन ये असं सांगत नाही. जागा बारीक आहे, तिला कपडाही बारीकच बसणार."

आता लोक ऐकू लागले होते. मास्टर जायला वळले, पण सवयीनं त्यांची नजर टेबलावरच्या नकाशावर गेली आणि मान तिरकी झाली. गळ्यातली टेप त्यांनी काढली.

"मॅडम, जिना वळतो तिथे जागा किती?"

"तीन फूट," उज्वला मॅडम म्हणाल्या.

"आणि लिफ्ट?"

"चार माणसांची."

"उभ्या?"

"हो, उभ्याच."

"चढताना माणूस उभा चढतो, मॅडम. पण एकदा कधीतरी तो आडवा उतरतो. आमचा जनाजा साडेसहा फूट. केरूभाऊ, तुमची तिरडी केवढी?"

"तेवढीच की," केरूभाऊ मागून म्हणाले. शेंगदाण्याची मूठ त्यांच्या तोंडाशीच थांबली.

"मग ती तीन फुटांत वळायची कशी? खिडकीतून दोरानं सोडणार? आम्ही कपडा शिवताना आत चार बोटं कापड जास्त ठेवतो. माणूस आज आहे तसाच राहत नाही."

उज्वला मॅडमनी नकाशा स्वतःकडे ओढला. बराच वेळ त्या पेन्सिल फिरवत होत्या. "दोन फूट तरी वाढवावे लागतील," त्या म्हणाल्या, "आणि ते प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी ब्लॉकमधून निघतील."

सोमनाथचं तोंड बाजार पडल्यासारखं झालं. मास्टरांनी टेप गुंडाळली.

"तिसऱ्या मजल्यावर माझ्या हॉलमधून घ्या. फक्त बाथरूमला हात लावू नका."

घाईत वकील हळूच पुढे आले आणि अर्जावरची आपली सही खोडून गेले. सगळ्यांनी काही खोडल्या नाहीत. सराफ अजून सावलीवर अडलेत. पण अडीच महिन्यांनी सवलत मिळाली, जिन्याचं वळण पाच फुटांचं करण्याच्या अटीवर.

आता चौथा स्लॅब पडलाय, म्हणजे मास्टरांच्या डोक्यावर छप्पर आलंय. नवरा-बायको सध्या वडाळ्यात सोमनाथनं दिलेल्या खोलीत राहतात, संडास आतच. खातूनबी दर शुक्रवारी रिक्षानं दुकानात येतात, बाकावर बसून वर बघतात आणि तिसऱ्या मजल्यावरचं भोक बाथरूमच्या खिडकीचं की दुसऱ्या कशाचं, ते गवंड्याला विचारतात. मास्टर त्या दिवशी 'स्लीक हाइट्स' हे नाव मुद्दाम मोठ्यानं घेतात. तेवढीच फेड.

परवाच्या शुक्रवारी दुकानातच येवल्याहून खातूनबींच्या बहिणीचा, झेबाचा फोन आला. घर झाल्यावर यायचंय, पत्ता सांग म्हणाली. मास्टरांनी मशीन थांबवलं.

"एसटीतून उतरलीस की रिक्षात बस," खातूनबी म्हणाल्या, "आणि तंगडीला सोड म्हणून सांग. सगळ्यांना माहीत आहे. तिसरा मजला." त्यांनी समोरचा ग्लास उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. दुपारचे चार वाजून गेले होते. "भरपूर सामान घेऊन ये. लिफ्ट आहे आमच्याकडे."