निनावी अर्ज, दप्तरी दाखल

आमच्या नगरपालिकेच्या कार्यालयातून दरवर्षी माघ सरता सरता एक सूचना निघते. उघड्यावर पालापाचोळा व कचरा जाळू नये, त्यामुळे हवा दूषित होते, लहान मुलांना व श्वासाचे विकार असणाऱ्यांना त्रास होतो, जाळताना आढळल्यास कारवाई करण्यात येईल. हे वाक्य माझं आहे. मी आवक-जावकचा लिपिक, त्यामुळं असली वाक्यं माझ्याच वाट्याला येतात. पहिल्या वर्षी साहेबांनी ते दोनदा दुरुस्त करायला लावलं, पुढं मी नुसती तारीख बदलत गेलो. घंटागाडीच्या भोंग्यावरून ते रोज सकाळी गल्लोगल्ली वाजतं. गाणं संपलं की माझं वाक्य, माझं वाक्य संपलं की पुन्हा गाणं. गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण कार्यालय लहान आहे आणि लोकांना माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

तर ही घंटागाडी आमच्या गल्लीत शिरायची, तेव्हा आमच्याच परसातून धूर निघत असायचा.

परसात कडुलिंबाचं झाड आहे. आमच्याकडं त्याला नुसतं लिंब म्हणतात. फाल्गुनात ते असं झडतं की सकाळी झाडलेली जागा दुपारच्या चहाला पुन्हा पिवळी झालेली असते. तो पाला झाडणं हे माझ्या वडिलांचं काम. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शनिवारी शाळा सुटायच्या आधी पोरांकडून मैदान झाडून घ्यायचे, एक मोठा ढीग करायला लावायचे आणि काडी मात्र स्वतः ओढायचे. ढीग जळून राख झाल्याशिवाय झाडलोट पुरी झाली असं त्यांना वाटायचंच नाही. निवृत्तीनंतर शाळा गेली, आई गेली, डोळ्यांमुळं वाचनही कमी झालं. तुराट्यांचा खराटा तेवढा राहिला. सकाळी उठून ते सगळं परस झाडायचे, ढिगातून दुधाच्या पिशव्या आणि पुड्यांचे कागद हातानं वेचून बाजूला काढायचे, कारण प्लास्टिक जाळलेलं त्यांना खपत नसे. मग ढीग पेटवायचा आणि फिरायला निघून जायचं. परत येईपर्यंत राख गार झालेली असायची.

लिंबाच्या धुरावर त्यांचा भारी विश्वास. डास जातात, रोगराई जाते, हवा साफ होते. लहानपणी आम्हाला गोवर आला तेव्हा आईनं उशाशी लिंबाचे डहाळे ठेवले होते. पाडव्याला आबा स्वतः लिंबाची चटणी वाटायचे आणि तोंड वाकडं करणाऱ्याला दुसऱ्यांदा द्यायचे. ज्या झाडाचं पान औषध, त्याचा धूर वाईट कसा असेल? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, म्हणून त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही.

ढीग व्हायचा तो बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आणि खिडकीच्या आत माझी बायको असायची.

ती चुडाव्याची. लग्न होऊन आली तेव्हा धडधाकट होती, गहू निवडता निवडता मोठ्यानं गाणी म्हणायची. मुलगी झाल्यावर एका थंडीत खोकला धरला तो गेला नाही. पुढं दम लागायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून पंप लिहून दिला, दोन वेळा तोंडात ओढायचा. तो ती पिठाच्या डब्यामागं ठेवायची. पंपाची सवय लागते असं आबा एकदा कुणाबद्दल तरी बोलले होते, तेवढं तिला पुरलं. त्यांच्यासमोर तिनं कधी पंप ओढला नाही आणि खोकला आला तर मिरचीवर किंवा धुळीवर ढकलला.

त्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "घरात चूल वगैरे आहे का? धूर असतो का?"

"नाही, गॅस आहे," मी लगेच म्हणालो.

गॅस होताच. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मग भिंतीवर फुफ्फुसाचं चित्र लावलं होतं त्याकडं बघत बसली. परतीच्या एसटीत जागा मिळून गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "धुराचं कामून सांगितलं न्हाई?"

"आबांचं नाव निघालं असतं."

"मग? डॉक्टर काय आबांना धरून नेणार होते का?"

मी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी एकदा बोला की त्यांना. मी सून हाय, मला बोलता येत न्हाई. ते झाडायलेत तेवढं चांगलंच हाय, नुसतं पेटवू नका म्हणावं."

"बोलतो," मी म्हणालो.

माझ्या संसारातला हा सगळ्यात जास्त वापरलेला शब्द. बोलतो, बघतो, आणतो. कार्यालयातही लोकांना मी हेच सांगतो आणि लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. ती मात्र कुठं जाणार होती?

बोललो नाही असं नाही. एका सकाळी आबा ढिगाशी वाकले होते, तेव्हा मी टॉवेल खांद्यावर टाकून तिथं गेलो. म्हणालो, "आबा, आमच्या कार्यालयाची सूचना निघालीय. पाला जाळायला बंदी हाय."

"ऐकली की. रोज वाजती," आबा म्हणाले. "बरोबर हाय. बाजारात ते लोक टायरं जाळायलेत, प्लास्टिक जाळायलेत. त्यांना धरा आधी. हा लिंबाचा पाला हाय बाबा, यानं कुणाला काय होतंय?"

यानं तुमच्या सुनेला दम लागतो, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर होतं. पण आबांनी काडी ओढली, वाकलेल्या पाठीवर हात ठेवून सरळ झाले आणि जळणाऱ्या ढिगाकडं इतक्या समाधानानं बघायला लागले की मी "बरं" म्हणून अंघोळीला गेलो. मास्तर बापासमोर चाळिशीतला मुलगाही पाठ न झालेला धडा घेऊन उभा असतो, अशी माझी मी समजूत घातली. खरं सांगायचं तर मला घरात कटकट नको होती. आत खिडकी लावल्याचा आवाज आला.

त्याच फाल्गुनात, एका सोमवारी, टपालात एक पाकीट आलं. टपाल फोडणं, शिक्का मारणं, नोंदवहीत चढवणं आणि ज्याचं त्याच्या टेबलावर पाठवणं हे माझं काम. आत दुरेघी वहीचा कागद होता. माझ्या मुलीच्या वहीचा, कारण मागच्या बाजूला तिनं गिरवलेल्या पाढ्याचे ठसे उमटले होते. अक्षर मी पहिल्या ओळीला ओळखलं. हळद, धने, शेंगदाणे असं डब्यांवर लिहिलेलं तेच अक्षर मी रोज बघतो.

अर्जात आमच्या गल्लीचं नाव होतं. पुढं लिहिलं होतं की या गल्लीत एका घराच्या मागं लिंबाच्या झाडाखाली रोज सकाळी पाला जाळला जातो, जवळच दम्याचा रुग्ण आहे, तरी आपल्या माणसानं येऊन त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगावे. दंड करू नये, ते मनाने चांगले आहेत. खाली सही नव्हती.

मी तो कागद दोनदा वाचला. समोरच्या टेबलावर स्वच्छता निरीक्षक चहा पीत बसले होते. कागद त्यांच्याकडं सरकवला असता तर त्याच दिवशी ते घरी येऊन गेले असते. भला माणूस, गोडीनं सांगितलं असतं. पण मग सगळ्या कार्यालयाला कळलं असतं की सूचना लिहिणाऱ्याच्याच घरात पाला जळतो. आणि आबांनी विचारलं असतं, तक्रार कुणी केली?

निनावी अर्जावर कार्यवाही करायची नाही, असा आमच्याकडं नियम आहे. एरवी तो नियम मी किती वेळा गुंडाळून ठेवला असेल. त्या दिवशी पाळला. शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "निनावी. दप्तरी दाखल." कागदाला भोक पाडून फायलीत लावला आणि पुढचं पाकीट फोडलं.

टपाल मीच फोडतो हे तिला माहीत होतं. तो अर्ज साहेबांना नव्हताच, मला होता. घरात तोंडानं सांगून झालं होतं, म्हणून तिनं लिहून सांगितलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे आठ-दहा दिवस सकाळी आबा काडी ओढायच्या वेळेला ती पुढच्या दाराशी येऊन उभी राहायची. हातात काहीतरी काम असायचं, कोथिंबीर निवडणं किंवा डबा पुसणं. नजर रस्त्यावर. एखादी मोटारसायकल वळली की ती पदर सारखा करायची. मग मोटारसायकल पुढं निघून जायची. मी आत दाढी करत आरशातून हे बघायचो.

पाडव्याला चार दिवस राहिले होते. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, पंप संपत आलाय. मी म्हणालो होतो, आणतो. त्या सकाळी वारा नव्हता आणि पाला दंवानं ओला होता, त्यामुळं ढीग पेटला नाही, नुसता धुमसत राहिला. आबा फिरायला गेले. ती दाराशी आली, चौकट धरली आणि खाली बसली. बोलायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. ओठ काळसर पडले होते. मुलीनं पळत जाऊन पिठाच्या डब्यामागचा पंप आणला. मी तो दाबला, पुन्हा दाबला. रिकामा होता.

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला परभणीला नेलं. वाफ दिली, सुया दिल्या, ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती माणसात आली. आबा मागून एसटीनं आले, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, घरात धूर असतो का? मी खाली बघितलं.

"मी जाळतो," आबा म्हणाले. "रोज पाला जाळतो. लिंबाचा."

"कुठलाही असू द्या, धूर तो धूरच," डॉक्टर म्हणाले. "यांना तो विष आहे. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मला कुणीच सांगितलं न्हाई," ते म्हणाले. मग बाकावर बसले आणि बराच वेळ आपल्या चपलांकडं बघत राहिले. "एकदा सांगायचं की रे. मी काय एवढा वाईट हाय का?"

इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंच निघालं. मला रडायला आलं, पण ते आबांसाठी की तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे तेव्हाही कळलं नाही.

दवाखान्यातून ती थेट चुडाव्याला माहेरी गेली. पाडव्याला घरात चटणी झाली नाही. आबांनी खराटा हातात घेतला तो परसाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला जागा मोकळी करण्यासाठी. त्यांना खणवेना तेव्हा मी खणला. आता पाला तिथं टाकतात, वर पाणी मारतात. गल्लीतल्या चार घरी जाऊन त्यांनी हात जोडून सांगितलं, पेटवू नका. लोक मास्तरांना हो म्हणतात आणि ते घरी परतले की पेटवतात. सकाळचा धूर आमच्या गल्लीत अजून असतोच, थोडा लांबून येतो इतकंच. घंटागाडी माझं वाक्य वाजवत त्यातून निघून जाते.

वैशाखात मी तिला आणायला गेलो. चुडाव्याच्या स्टेशनवर पॅसेंजर उशिरा होती. मुलगी नळावर पाणी प्यायला गेली होती. मी तिला सांगितलं की आबांनी जाळायचं बंद केलंय.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "आबांचा फोन आला होता. माफी मागायले होते. मलाच कसंतरी झालं."

मग रुळाकडं बघत तिनं विचारलं, "तो अर्ज तुमच्या हाती आला होता का?"

मला नाही म्हणता आलं असतं. "आला होता," मी म्हणालो.

"मला वाटलं टपालात गहाळ झाला," ती म्हणाली. "रोज सकाळी मी तेच म्हणायची मनाला, पोचलाच नसंल."

गाडी आली. ती चढली, मुलीला खिडकी दिली आणि मधल्या जागेवर पिशवी ठेवून बसली. घरी आल्यावर सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. ती मला वाढते, माझे कपडे काढून ठेवते, मुलीच्या अभ्यासाचं बोलते. पंप आता पिठाच्या डब्यामागं नसतो, खिडकीत उघड्यावर असतो. तो संपत आला की ती आबांना सांगते. आबा काठी घेतात आणि त्याच दुपारी आणून देतात.