पास्कूच्या बासची मान

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरोसच्या कचेरीत कुणाच्या तरी रजेच्या अर्जावर शेरा मारत होतो. शेरा अर्धाच राहिला. दुःख झालं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या गावाला, कट्ट्याला जाणाऱ्या गाडीत बसलो आणि त्याचं एकेक बोलणं आठवत गेलं, तसा मी मधेच मोठ्याने हसलो. शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली...

पास्कू लग्नाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. मीही वाजवायचो, त्याच्यापेक्षा वाईट. एका जुलैत माझ्या बासच्या तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबून दाबून बोटं सोलली. मी तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज खाली केला, तारा बदलल्या, गोव्याच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. पास्कूने बास बंदुकीसारखा डोळ्याला लावला आणि हसत सुटला. "अरे, मान वाकली हा हेची. पावसाचा पाणी पियाली ती!" मग मानेच्या टोकाचं झाकण काढून त्याने ट्रस रॉड दाखवला. लाकडाच्या आत लांबच लांब बसवलेली लोखंडी सळी. तारा मानेला पुढे ओढतात, सळी मागे ओढते; दोन्ही ओढी जुळल्या की मान ताळ्यावर. अगदी फूटपट्टीसारखी सरळही नको. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबली की मधे लग्नपत्रिकेच्या जाडीची फट दिसली पाहिजे. पत्रिका त्याच्या खिशात असायचीच. तिच्यावरूनच तो माइकवर नवऱ्या-नवरीची नावं घ्यायचा. एकदा जुनी पत्रिका खिशात राहिली आणि पठ्ठ्याने भर हॉलमध्ये भलत्याच नवरदेवाला शुभेच्छा दिल्या!

सळी किल्लीने फिरवायची ती पाव फेरा, जास्त नाही. मग किल्ली खिशात घालून तो मला अंगणात बसवायचा आणि कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं ते सांगत राहायचा. मी घाई केली की म्हणायचा, "लाकूड आसा रे ता, तुझी सरकारी ऑर्डर न्हय. तेका जरा इचार करूक दी." पाव फेऱ्याला इतका वेळ लागत नाही, हे मला पुढे कळलं. त्याला गप्पा हव्या असायच्या. मलाही हव्याच होत्या.

तो गेल्याला पाच-सहा आठवडे झाल्यावर, मागच्या रविवारी, पुन्हा त्याच्या घरी गेलो. दुखवटा असल्याने गाणं-बजावणं बंद, टीव्हीवर कापड. भिंतीवर बास टांगलेला आणि चारही तारा लोंबत होत्या. "मीच सैल केलंय," त्याची बायको सेलिनवहिनी म्हणाली. "कोणाचो चुकान हात लागलो तरी वाजूक नको."

मी बास भिंतीवरून उतरवला. तारांची ओढ गेली होती आणि सळी इतके आठवडे एकटीच मागे ओढत होती. डोळा लावून बघितलं तर मान उलटी वाकलेली. लाकडाला तीच सवय लागली की पास्कूचा बास कायमचा गेला. मी ते वहिनीला सांगितलं.

"माझ्याच हातान मोडलंय मगे?"

"अजून नाय, वहिनी. पण तारा सुरात आणल्याशिवाय सळी किती फिरवची ता कळाचा नाय. आणि सुरात आणूक वाजवक व्हयो..."

तिने येशूच्या तसबिरीकडे बघून छातीवर क्रूस काढला. मग कोपऱ्यातला अँप्लिफायर ओढला आणि बासची पिन तिनेच लावली. "तेका मुको कित्याक ठेवचो? वाजव."

मी तारा चढवल्या. जाडी तार पहिल्याच फ्रेटवर करकरली. सळी पाव फेरा सैल केली, थांबलो, पुन्हा जरा सैल केली. मान हळूहळू पुढे आली. तार मोकळी छेडली तर असा स्वच्छ घुमला तो आवाज, की शोकेसमधल्या बश्या थरथरल्या. वहिनी रडत होती आणि हसतही होती. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या जनाकाकींनी हाक मारली. पास्कू वाजवायला बसला की याच काकी "आवाज कमी कर रे मेल्या" म्हणून ओरडायच्या.

"सेलिन, पास्कू इलो काय गो?" असं सवयीने बोलून गेल्या.

वहिनीने डोळे पुसले, खिडकीशी गेली. "इलो गो काकी! आवाज कमी करू?"



"नको," काकी म्हणाल्या. "वाजांदे."