वाघाडेजींचे दोनशे चाळीस खण

वाघाडेजी कुणाला पहिल्यांदा भेटले की त्याचं नाव डाव्या खिशातल्या वहीत लिहून घेत, आणि लगेच तेच नाव उजव्या खिशातल्या वहीत. माझंही लिहिलं.

"दोन वह्या कशाला?" मी विचारलं.

"एक हरपली त?"

"आणि नाहीच हरपली तर?"

"त दोन हायेत," वाघाडेजी शांतपणे म्हणाले.

बालाघाटच्या एका छोट्या धान संशोधन केंद्रात ते बियाण्यांचं भांडार सांभाळत. मी तिथे ऐंशीचं दशक सरता सरता रुजू झालो, जबलपूरहून पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन. केंद्रातल्या पहिल्या कॉम्प्युटरला कूलर मिळाला होता आणि त्या कूलरपुढे बसायचा हक्क मला. माझी मान ताठ व्हायला तेवढं पुरेसं होतं.

वाघाडेजींकडे कूलर नव्हता; सागाचं एक कपाट होतं. त्याला छोटे दोनशे चाळीस खण. प्रत्येक खणात धानाचा एकच वाण. मूठभर बी असलं तरी अख्खा खण त्याचा. उरलेली जागा रिकामी. "जागा वाया जाते हो," मी म्हटलं. "जाऊ द्या. सरमिसळ झाली त वाण जाते." बी जास्त असलं तर बाकीचं जो खण मोकळा असेल त्यात, मग तो कपाटाच्या दुसऱ्या टोकाला का असेना, आणि पहिल्या खणात चिठ्ठी, 'पुढं ८३'. शेवटच्या खणात 'सरलं'. उंदरांनी कुरतडलेल्या खणावर खडूची फुली. दारावर पुठ्ठ्याचा तक्ता: कोणता वाण कोणत्या खणापासून.

मी त्यांना दिमाखात कोरी फ्लॉपी फॉर्मॅट करून दाखवली. एक अक्षर लिहिण्याआधीच मशीनने थोडी जागा आपल्यासाठी राखून ठेवली. "बघा, सरकारी खात्यासारखं! काम सुरू व्हायच्या आधीच खाल्लं."

"कपाट आलं तवा नुसतं पोकळ होतं, जोशीबाबू. खण पाडले, तक्ता लावला, मंग बी ठेवलं. तक्त्याले जागा नाही लागनार?"

"पण ही मशीन तक्ते दोन ठेवते. दोन्ही सारखेच!"

तेव्हा त्यांनी मशीनकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. "शाहनं दिसते."

मी वाणांची माहिती भरू लागलो, एका वाणाची एक फाईल. एकशे बारा फायली झाल्या आणि फ्लॉपीने पुढची घ्यायला नकार दिला. अर्ध्याहून जास्त जागा मोकळी! मी फ्लॉपीला, कंपनीला आणि विजेला, या क्रमाने शिव्या घातल्या. वाघाडेजी चहा फुंकत म्हणाले, "खण रिकामे असतीन. नावाची यादी भरली असंल. माह्या पुठ्ठ्याचंबी तसंच झालतं."

प्रशिक्षणाची जाड फाईल उघडली. यादीत एकशे बाराच नावं मावतात, असं तिच्यात स्पष्ट छापलेलं होतं. मी ते पान वाघाडेजींना दाखवलं नाही. सगळे वाण गुपचूप एकाच फायलीत घातले.

वाघाडेजी त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे कपाट ठेवायचं की नाही, हे ठरवायला जबलपूरहून मोठे साहेब येणार होते. वाघाडेजी दोन दिवस लांजीकडे आपल्या गावी गेले. जाताना म्हणाले, "दुसरी प्रत करा बाप्पा."

मी आधी कपाटाला पॉलिश करवलं. तक्ता मळका दिसत होता, तो काढला. चिठ्ठ्याही काढल्या, सगळं आता फ्लॉपीत होतंच की! कागद चहावाल्याच्या शेगडीत गेले. मग मोठ्या आज्ञाधारकपणे दुसरी प्रत करायला कोरी फ्लॉपी फॉर्मॅट केली. दोन्ही फ्लॉप्या काळ्या होत्या, आणि लेबलं लावणं मी कमीपणाचं समजत असे. फॉर्मॅट होऊन पुसली गेलेली फ्लॉपी कोरी नव्हती, वाणांचीच होती, एवढं मला मशीनचं काम संपल्यावर कळलं.

सकाळी वाघाडेजी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक खण ओढला, दाणे तळहातावर घेतले.

"बी त जागच्या जागी हाये, जोशीबाबू. फक्त आता ते कोनाचंच नाही."

मग उजव्या खिशातून वही काढली. अख्खा तक्ता तिच्यात होता, चिठ्ठ्यांसकट. मी त्यांचे पाय धरायला वाकणार, एवढ्यात बाहेर जीप थांबली.

साहेबांनी एका वाणाचं नाव घेऊन मला विचारलं, "हिरानखी कहाँ रखा है?" पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. मी कोऱ्या पडद्यासमोर खडाखड बटणं दाबली. वाघाडेजींनी वही न काढता एक्केचाळिसावा खण उघडला, मग थेट ब्याण्णवावा.

"इतनी जल्दी कैसे मिला?"

"कंप्यूटर ने बताया, साहब," वाघाडेजी म्हणाले.

साहेब खूश झाले. इतके, की जाताना लेखी हुकूम देऊन गेले: सर्व नोंद कॉम्प्युटरात असल्याने कपाटाची गरज नाही, बी पोत्यांत भरून गोदामात पाठवावं.

"का खोटं बोललात?" माझा आवाज फाटला. "मी सांगतो त्यांना खरं."

"काहून? कपाट जुनं हाये, मीबी जुना. तुमची नोकरी नवी हाये."

मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातल्या चुकांत ही एक तेवढी विनोदी नाही.

निवृत्तीआधीचे सगळे दिवस वाघाडेजी पुड्या बांधत होते. प्रत्येक वाणाच्या दोन पुड्या, त्यांच्या गावातल्या दोन वेगळ्या घरांसाठी. मी पुड्यांवर नावं लिहिली, स्वच्छ अक्षरात. गोदामातल्या पोत्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. माझ्या फ्लॉपीला आता मशीनच मिळत नाही. तिच्यावर मात्र सुंदर लेबल आहे.

काही वर्षांनी वाघाडेजी गेले. तेरवीला लांजीकडे त्यांच्या गावी गेलो. पानात बारीक, सुवासिक भात पडला.

"कोणतं धान हे?" मी त्यांच्या सुनेला विचारलं.

"हिरानखी. बाबाजीनं आनलतं." तिने आणखी वाढला. "न्याचं असंल त आमच्या घरचं सरलं, भाऊजी. पुढं मारुतीजवळच्या घरी भेटन."

मी जेवण अर्धं टाकून खिशात वही शोधली. दोन्ही खिशांत.