टाकीमागचं ऊन

माझ्या भावानं अमेरिकेहून येताना ड्रोन आणला आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत झाली. नवरा लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. घरात आधीच उघडून ठेवलेले रेडिओ आणि पायाला टोचणारे स्क्रू. त्यात जानकीपुरमच्या आमच्या गच्चीवरून हे चार पंख्यांचं प्रकरण भुणभुणत उडायला लागलं.

"परवानगी लागते म्हणे," मी म्हटलं.

"खेळण्याला कसली परवानगी?" ही शास्त्रज्ञाची अक्कल. त्या काळात परवानगीशिवाय ड्रोन उडवायला मनाई होती, आणि बख्शी का तालाबचं हवाई दलाचं ठाणं आमच्यापासून फार लांब नव्हतं. आम्हाला हे पुढे ऐकून घ्यावं लागलं.

पण चूक माझी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गल्लीतल्या बायकांना बोलवायचे. त्यांच्या लेखी तो खिचडीचा सण, तरी वाण घ्यायला सगळ्या हौसेनं यायच्या. त्या वर्षी वाणाबरोबर काहीतरी नवं दाखवायची मला खुमखुमी आली. नवऱ्यानं आदल्या दिवशी वरून घेतलेलं गल्लीचं चित्रण मी टीव्हीवर लावलं, स्वतः आधी न बघता.

"अरे, ये तो हमारी छत!" बायका खूश. कुणाच्या रजया, कुणाचे पापड. मग शेजारची गच्ची आली. पाण्याच्या टाकीमागे त्यांची सून उन्हात पाय पसरून बसली होती. डोक्यावर पदर नाही, एक हात कानाशी, आणि हसत होती.

तीच सून त्या क्षणी माझ्यासमोर सतरंजीवर बसलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"किससे बात हो रही है?" सासूनं विचारलं.

"बात कहाँ, मम्मीजी, बाल सुखा रही थी."

मी झटकन टीव्ही बंद केला. तेवढ्या घाईनंच सासूचा संशय पक्का झाला असावा.

लग्नातल्या कसल्याशा मानापमानावरून त्या घरानं सुनेच्या माहेराशी संबंध तोडले होते, तिचा फोनही काढून घेतला होता. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. संध्याकाळी आम्ही ते चित्र संगणकावर मोठं करून पाहिलं. टीव्हीवर नुसता हात दिसत होता, इथे हातातला फोन स्वच्छ दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे सासरे आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"डॉक्टर साहब, वो वीडियो पेन ड्राइव में दे दीजिए."

"उसमें कुछ है नहीं, भाई साहब," नवरा गुळमुळीत बोलला.

"तो देने में क्या हर्ज है? नहीं तो थाने जाना पड़ेगा. हमारी बहू की फ़िल्म उतारी है आपने. ड्रोन पर रोक है, बगल में एयर फ़ोर्स है, और आप ठहरे सरकारी आदमी."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला आत बोलावून म्हणाला, "देऊन टाकू या. त्यांच्या घरचं ते बघतील."

"आणि तिचं काय?"

"माझी नोकरी जाईल गं!"

खरंच गेली असती. तरी मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्या पोरीचं गुपित मीच तर सगळ्यांसमोर लावलं होतं. मी तशीच बाहेर आले.

"चलिए भाई साहब, मैं भी थाने चलती हूँ. वीडियो वहीं दूँगी. दरोगा जी देखेंगे, सिपाही देखेंगे, फिर कचहरी में चलेगा. बहू आपके घर की है, सोच लीजिए."

ते जाऊ म्हणाले असते तर माझ्याकडे पुढचं वाक्य तयार नव्हतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आज के बाद वो चीज़ उड़नी नहीं चाहिए, भाभीजी," एवढं बोलून ते निघून गेले.

ते फाटकाबाहेर पडताच मी चित्रण पुसलं. कार्डावरून, संगणकावरून, पेन ड्राइव्हवरून. दोनदा तपासून बघितलं. ड्रोन माळ्यावर टाकला. मोठा पराक्रम केल्यासारखी त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले.

आठवड्याभरात शेजारच्या गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. कपडे वाळत घालायला सासू एकटीच वर जाऊ लागली. सून दिसायची ती सब्जीवाल्या भैयाच्या ठेल्यापाशी, सासूच्या मागे उभी. माझ्याकडे बघायची नाही. मला वाटायचं, रागावली असेल, आणि तिचं बरोबरच होतं.

पुढच्या संक्रांतीला दोघी आल्या. मी टीव्हीवर कापड टाकून ठेवलं होतं. सासू पलीकडे गप्पांत रमलेली बघून, मी कुंकू लावत असताना सून हळूच म्हणाली, "आंटी, वो वीडियो है अभी?"

"नहीं बेटा, डर मत. उसी दिन मिटा दिया."

ती वाणाचा डबा उघडत-मिटत राहिली.

"मेरी मम्मी सावन में गुज़र गईं. मेरी आख़िरी बात उसी दिन हुई थी उनसे, छत पर. सोचा था, एक बार देख लूँगी."

माझं बोट तिच्या कपाळावर तसंच राहिलं. पलीकडून सासूनं हाक मारली. ती पदर सारखा करून उठली आणि गेली. तिळगूळ द्यायचा राहूनच गेला.